स्नॅपशॉट ‘पूर्ण’ झाला म्हणतो, रिस्टोअर केला की फाइली रिकाम्या: दर वेळी नवं दुखणं का?

तक्रार साधारण अशी असते. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) सर्व्हरच्या डेटा व्हॉल्यूमचा, म्हणजे क्लाउडमधल्या डिस्कचा, स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) निघतो. क्लाउडच्या पडद्यावर त्याच्यापुढे हिरव्या अक्षरांत ‘पूर्ण’ उमटतं आणि महिनोन्‌महिने कुणी तिकडे फिरकत नाही. मग एक दिवस त्यावरून नवं व्हॉल्यूम बनवायची वेळ येते. एकदा अगदी शेवटी अपलोड झालेल्या फाइली शून्य बाइटच्या निघतात. दुसऱ्यांदा फाइली ठीक, पण डेटाबेस उठायला तयार नाही. तिसऱ्यांदा सगळं सुरळीत. मग माणूस वैतागून म्हणतो, हा स्नॅपशॉट प्रकारच बेभरवशाचा.

तसं नसतं. दर वेळी वेगळं रूप घेणं हीच या दुखण्याची ओळख आहे, कारण त्या क्षणी सर्व्हर काय लिहीत होता यावर सगळं ठरतं. मी आजवर तपासलेल्या अशा प्रकरणांत चूक बहुतेक वेळा स्क्रिप्टच्या क्रमात सापडली: एक तर डेटाबेसचं लिहिणं थोपवणारं लॉक वेळेआधी सुटलेलं असतं, नाहीतर फाइलसिस्टिम गरजेपेक्षा जास्त वेळ गोठवून (तिच्यावरचं लिहिणं थांबवून) ठेवलेली असते आणि मग त्या त्रासाला कंटाळून कुणीतरी गोठवणंच काढून टाकलेलं असतं. पुढचं सगळं लिनक्स सर्व्हर धरून लिहिलं आहे.

‘पूर्ण’ म्हणजे नेमकं काय पूर्ण?

स्नॅपशॉट घेणारी यंत्रणा सर्व्हरच्या बाहेर बसलेली असते. फाइल, फोल्डर, टेबल यांतलं तिला काही कळत नाही. तिला दिसतात ते नुसते ब्लॉक, म्हणजे डिस्कचे तुकडे. हुकूम मिळाला त्या क्षणी व्हॉल्यूमवर जे ब्लॉक होते ते नीट उचलले की तिचं काम झालं. तुमच्या प्रोग्रॅमने ‘सेव्ह झालं’ म्हणून सांगितलेला, पण अजून डिस्कपर्यंत न पोचलेला डेटा त्यात नसतो, आणि तसा तो नाही हे तिला कळायची सोयही नसते.

लिनक्समध्ये साधं लिहिणं आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत जातं. कर्नलचा लिहून टाकणारा थ्रेड दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी झालेली ‘डर्टी’ (अजून डिस्कवर न उतरलेली) पानं डिस्ककडे ढकलतो. हे मूळ सेटिंगचे आकडे. ते बदलता येतात, पण सहसा कुणी बदलत नाही. त्यात भर म्हणजे ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइलसिस्टिम नव्या मजकुराला डिस्कवरची जागा देणंही शेवटपर्यंत लांबवतात. फाइलचं नाव डिरेक्टरीत चढलं, जर्नलमध्येही (फाइलसिस्टिमची बदलांची नोंदवही) उतरलं, पण मजकुराला अजून जागाच मिळालेली नाही, अशा अवस्थेत स्नॅपशॉट पडला की रिस्टोअरनंतर ती फाइल नावाला हजर आणि आत काहीच नाही. रिकाम्या फाइली नेहमी शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटातल्याच का असतात, याचं उत्तर हे.

अशा स्नॅपशॉटला क्रॅश-कन्सिस्टंट म्हणतात: चालत्या सर्व्हरची वीज अचानक गेली तर डिस्क जशी सापडेल, तशी. जर्नलमुळे फाइलसिस्टिमचा सांगाडा शाबूत राहतो. आतल्या मजकुराची हमी जर्नलने कधी दिलेलीच नसते.

यावर पुष्कळ जण स्नॅपशॉटच्या आधी ‘सिंक’ (मेमरीतलं डिस्कवर उतरवणारी कमांड) चालवतात आणि निर्धास्त होतात. सिंक वाईट नाही, पण अपुरं आहे. सिंक संपून स्नॅपशॉटचा हुकूम पोचेपर्यंत एखाद-दोन सेकंद जातात आणि तेवढ्यात सर्व्हर लिहीतच असतो. फरशी पुसून होत नाही तोच घरातली पोरं चिखलाचे पाय घेऊन आत, तसा प्रकार. पुसायचं असेल तर आधी दार लावायला हवं. ते दार म्हणजे ‘एफएसफ्रीझ’ ही कमांड. ती युटिल-लिनक्स या पॅकेजात येते, म्हणजे बहुतेक वितरणांत आधीच असते. ती मेमरीतलं सगळं आधी डिस्कवर उतरवते आणि मग नवं लिहिणं थोपवून धरते. लिहायला आलेली प्रोसेस मरत नाही, तिला एररही मिळत नाही. ती फक्त ताटकळत उभी राहते.

पहिली चूक: लॉक स्नॅपशॉटच्या आधीच सुटलेलं

ही मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली. स्क्रिप्टमध्ये तीन ओळी असतात. पहिली ओळ मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटला ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ ही आज्ञा देते, दुसरी स्नॅपशॉट घेते, तिसरी ‘अनलॉक टेबल्स’ म्हणते. वाचायला अगदी बिनचूक.

पण ते लॉक सेशनचं, म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या त्या एका कनेक्शनचं असतं. पहिल्या ओळीतला क्लायंट आज्ञा देऊन बाहेर पडला की त्याचं सेशन मिटतं आणि लॉकही त्याच्याबरोबर जातं. स्नॅपशॉटची ओळ येते तेव्हा डेटाबेस मोकाट लिहीत असतो, आणि तिसरी ओळ कधीच नसलेलं लॉक सोडवते. एकही एरर येत नाही, म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते. खात्री करायची असेल तर स्नॅपशॉटच्या ओळीच्या जागी १० सेकंदांचा ‘स्लीप’ घाला आणि तेवढ्यात दुसऱ्या टर्मिनलवरून एखाद्या चाचणीच्या टेबलात एक ओळ भरून बघा. भरली गेली, तर तुमचं लॉक कागदोपत्रीच आहे.

उपाय असा की लॉक घेणारं सेशन स्नॅपशॉटचा हुकूम पोचेपर्यंत उघडं राहिलं पाहिजे. मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये ‘सिस्टिम’ म्हणून एक आज्ञा आहे, तिने त्याच सेशनच्या आतून शेलची कमांड चालवता येते. म्हणजे लॉक, मग सिस्टिममधून स्नॅपशॉट, मग अनलॉक, सगळं एकाच सेशनमध्ये. पायथॉनमधून करत असाल तर कनेक्शनचं व्हेरिएबल मध्येच मिटत नाही ना, एवढं बघा.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही हाच नियम, नावं वेगळी. पूर्वीचं ‘पीजी स्टार्ट बॅकअप’ १५व्या आवृत्तीपासून ‘पीजी बॅकअप स्टार्ट’ झालं, आणि जुनी ‘एक्सक्लुझिव्ह’ पद्धत, जिच्यात सेशन बंद केलं तरी चालायचं, ती त्याच आवृत्तीत काढून टाकली. आता सुरुवात केलेलं सेशन ‘पीजी बॅकअप स्टॉप’पर्यंत चालू ठेवावं लागतं, मध्येच तुटलं तर बॅकअप रद्द. शिवाय स्टॉपने परत दिलेला बॅकअप-लेबलचा मजकूर आपण स्वतः जपून ठेवायचा आणि रिस्टोअर करताना डेटा डिरेक्टरीत ठेवायचा असतो. आवृत्ती वाढवल्यावर जुनी स्क्रिप्ट तशीच राहिली, फंक्शन सापडत नाही म्हणून तिची पहिली ओळ रोज फसते, आणि पुढची स्नॅपशॉटची ओळ तरीही चालते, असं मी पाहिलं आहे. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’ (एखादी ओळ फसली की तिथेच थांबवणारी आज्ञा) नसेल तर हे असंच होणार.

दुसरी चूक: ‘पूर्ण’ होईपर्यंत गोठवून ठेवणं

ही उलट दिशेची. फाइलसिस्टिम गोठवली, स्नॅपशॉट मागितला, आणि स्क्रिप्ट दर १५ सेकंदांनी विचारत बसली: झाला का पूर्ण? पहिला स्नॅपशॉट सगळ्या व्हॉल्यूमचा असतो, त्याला मोठ्या व्हॉल्यूमवर तासही लागू शकतात. तेवढा वेळ ॲप्लिकेशन अडकलेलं, सर्व्हरचा लोड चढत चाललेला, प्रोसेसच्या यादीत ‘डी’ अवस्थेतल्या, म्हणजे डिस्कसाठी ताटकळणाऱ्या, प्रोसेसची रांग. १२० सेकंद उलटले की बहुतेक वितरणांत कर्नलच्या लॉगमध्ये ‘प्रोसेस अडकली आहे’ अशा ओळी यायला लागतात. मग रात्री कुणाला तरी उठवलं जातं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी फ्रीझची ओळच खोडून टाकतो. रिकाम्या फाइलींची सुरुवात तिथून.

एवढं थांबायची गरज नसते. ॲमेझॉनच्या ईबीएस या व्हॉल्यूम सेवेत स्नॅपशॉटचा क्षण हुकूम स्वीकारला जातो तेव्हाच ठरतो. तुम्हाला स्नॅपशॉटचा आयडी मिळाला आणि स्थिती ‘पेंडिंग’ दिसली की व्हॉल्यूम वापरायला मोकळं. त्यानंतर लिहिलेलं त्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही आणि आधीचं सुटत नाही. ‘पेंडिंग’ ते ‘पूर्ण’ या काळात मागे ब्लॉकची ने-आण चालू असते, तिच्याशी तुमच्या फाइलसिस्टिमला देणंघेणं नाही. म्हणजे गोठवण्याचा काळ सहसा काही सेकंदांचा. इतर क्लाउडवर हा क्षण कधी ठरतो हे त्यांच्या कागदपत्रांत एकदा डोळ्यांनी वाचून घ्या, गृहीत धरू नका.

‘पूर्ण’ झाला की नाही हे बघायचंच असतं, पण फाइलसिस्टिम मोकळी केल्यानंतर, निवांत. आणि बघायचं मात्र नक्की: हुकूम स्वीकारला गेला पण पुढे स्नॅपशॉट ‘एरर’मध्ये गेला, हे न बघणाऱ्या स्क्रिप्टला कधीच कळत नाही.

गोठवताना मी स्वतः कसा अडकलो

माझी स्क्रिप्ट नेटकी होती असा माझा समज होता. गोठवलं की लॉगमध्ये एक ओळ, स्नॅपशॉट मागितला की एक ओळ, मोकळं केलं की एक ओळ. चाचणीत सगळं छान. नव्या सर्व्हरवर लॉगचा फोल्डर मी जागा मोकळी आहे म्हणून डेटा व्हॉल्यूमवर हलवला. पहिल्याच रात्री स्क्रिप्टने फाइलसिस्टिम गोठवली आणि ‘गोठवलं’ ही ओळ त्याच फाइलसिस्टिमवर लिहायला गेली. बसली तिथेच. मोकळं करणारी ओळ त्याच्या खाली होती, तिथवर ती पोचणार कशी? बाहेर आल्यावर दार ओढून घ्यावं आणि किल्ली आत राहावी, तसं.

सुटका सोपी निघाली, कारण रूट व्हॉल्यूम वेगळं होतं. लॉगिन झालं, एफएसफ्रीझला ‘-यू’ देऊन मोकळं केलं, दोन सेकंदांत गाडी रुळावर. रूटच गोठलं असतं तर लॉगिनसुद्धा होईना, कारण लॉगिन म्हणजेही कुठेतरी नोंद लिहिणं आलं. अशा वेळी आधीपासून उघडं असलेलं रूटचं टर्मिनल हाताशी असेल तर कर्नलच्या सिसरिक्यू ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट हुकूम देण्याची फाइल) इंग्रजी ‘जे’ हे अक्षर पाठवायचं. त्याने गोठवलेल्या सगळ्या फाइलसिस्टिम एकदम सुटतात. तेही नसेल तर रीबूटशिवाय गत नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी सोडत नाही. डेटा वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवतो आणि तेवढंच गोठवतो. रूट चालू स्थितीत गोठवण्याच्या भानगडीत पडत नाही. रूटचा स्नॅपशॉट हवाच असेल तर सर्व्हर बंद करून घेतो, नाहीतर क्रॅश-कन्सिस्टंटवर समाधान मानतो. त्यात मोलाचं असं काही नसावंच. गोठवणं ते सोडवणं या दोन ओळींच्या मध्ये स्नॅपशॉटचा हुकूम सोडून काहीही ठेवत नाही. लॉग मेमरीतल्या टीएमपीएफएसवर जातो आणि मागून कॉपी होतो. क्लाउडची कमांड-लाइन साधनं काही वेळा तात्पुरते टोकन होम डिरेक्टरीत लिहितात, तेव्हा होमही गोठणाऱ्या व्हॉल्यूमवर नको. स्क्रिप्ट कशीही मेली तरी मोकळं करणारी ओळ चालावी म्हणून ‘ट्रॅप’ लावतो. ट्रॅपवरही माझा पूर्ण विश्वास नाही (जबरदस्तीच्या ‘किल -९’ला तो जुमानत नाही), म्हणून गोठवण्याच्या आधीच एक वेगळी प्रोसेस मागे सोडून देतो: ३० सेकंद थांब आणि काहीही झालं तरी मोकळं कर. आधीच मोकळं असेल तर तिला एक निरुपद्रवी एरर मिळते, बास. मात्र या राखणदाराने वेळेआधी मोकळं केलं असेल तर त्या रात्रीचा स्नॅपशॉट बाद धरायचा, हेही स्क्रिप्टनेच सांगायला हवं.

ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीवर असाल तर एक सोय आहे. सर्व्हरच्या आत क्यूईएमयूचा गेस्ट एजंट (बाहेरच्या यंत्रणेचे हुकूम आत पाळणारा प्रोग्रॅम) चालू असेल आणि इमेजवर त्याचा गुणधर्म लावलेला असेल, तर पूर्ण सर्व्हरची इमेज घेताना फाइलसिस्टिम आपोआप गोठते आणि सुटते. पण सिंडर या त्याच्या व्हॉल्यूम सेवेतून जोडलेल्या व्हॉल्यूमचा नुसता स्नॅपशॉट घेतला तर गोठवण्याचं काम आपलंच. गूगल क्लाउडमध्ये ‘गेस्ट फ्लश’ हा पर्याय आहे, तो आधी आणि नंतर तुमची स्क्रिप्ट चालवतो. विंडोजवर हे काम तिथलीच व्हीएसएस ही सोय करते. क्लाउडच्या एजंटला ते चालवायला सांगितलं आहे ना, एवढंच बघायचं.

डेटाबेसला लॉक खरंच लागतं का?

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. मायएसक्यूएलची सगळी टेबलं इनोडीबी प्रकारची असतील, डेटा आणि रीडू लॉग (बदलांची नोंदवही) एकाच व्हॉल्यूमवर असतील, तर रीड लॉक घेऊन फारसं काही हाती लागत नाही. ते लॉक घेतल्यावरही इनोडीबीचे मागचे थ्रेड डिस्कवर लिहीतच असतात. खरा आधार असतो तो क्रॅश रिकव्हरीचा: स्नॅपशॉटवरून उठताना इनोडीबी रीडू लॉग वाचून स्वतःला सावरतं, जसं वीज गेल्यावर सावरतं. फक्त ‘फ्लश लॉग ॲट ट्रान्झॅक्शन कमिट’ हे सेटिंग १ असावं. कुणी वेगासाठी ते २ केलं असेल तर साधारण शेवटच्या सेकंदातले व्यवहार हरवू शकतात, आणि त्याचा दोष स्नॅपशॉटवर ढकलला जातो.

उलट रीड लॉकचा एक तोटा आहे. एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर लॉक तिच्या संपण्याची वाट बघतं, आणि लॉकच्या मागे बाकी सगळं लिहिणं खोळंबतं. मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं असतील किंवा रेप्लिकेशनसाठी (दुसऱ्या सर्व्हरवर चालू प्रत ठेवण्यासाठी) बिनलॉग या बदलांच्या नोंदवहीतली नेमकी जागा टिपायची असेल तेव्हा मात्र ते हवं. पोस्टग्रेसचंही तसंच: डेटा आणि वॉल (पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही) एकाच व्हॉल्यूमवर असतील तर एका क्षणाचा स्नॅपशॉट पुरतो, बॅकअप स्टार्टची गरज नाही. रिकव्हरीला वेळ कमी लागावा म्हणून आधी ‘चेकपॉइंट’ (मेमरीतले बदल डेटा फाइलींत उतरवण्याची आज्ञा) दिला की झालं.

गाडं अडतं ते डेटा एकीकडे आणि लॉग दुसरीकडे असताना. वेगासाठी वॉल वेगळ्या व्हॉल्यूमवर टाकलेला, दोन स्नॅपशॉट एकामागोमाग घेतलेले, मध्ये ४ सेकंदांचं अंतर. डेटा आधीच्या क्षणाचा, लॉग नंतरचा किंवा उलट. पोस्टग्रेस अशा वेळी वैध चेकपॉइंटची नोंद सापडत नाही म्हणत उठायलाच नकार देतं, आणि खरं सांगायचं तर तोच बरा शेवट. मुकाट्याने उठून चुकीचा डेटा देण्यापेक्षा. अनेक व्हॉल्यूमवर पसरलेल्या एलव्हीएमचं किंवा रेड ०चं (अनेक डिस्क जोडून एक करण्याच्या पद्धती) याहून वाईट: तिथे फाइलसिस्टिमच दोन वेगळ्या क्षणांच्या तुकड्यांनी शिवलेली निघते.

यासाठी ॲमेझॉनवर २०१९पासून एका सर्व्हरच्या सगळ्या व्हॉल्यूमचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट एका हुकमात मागता येतो. ॲझ्युरमध्ये व्हीएम रिस्टोअर पॉइंट आहे. सिंडरमध्ये व्हॉल्यूम ग्रुपचा स्नॅपशॉट आहे, पण तो खरोखर एका क्षणाचा पडतो की नाही हे मागच्या स्टोरेज ड्रायव्हरवर ठरतं. यांतलं काहीच नसेल तर आधी सगळ्या फाइलसिस्टिम गोठवा, मग सगळे स्नॅपशॉट मागा, सगळ्यांचे आयडी हातात आले की मग सगळ्या सोडा. आणि सर्व्हरला जोडून मिळणारी तात्पुरती लोकल डिस्क यांतल्या कशातच येत नाही. डेटाबेसचा काही भाग तिच्यावर असेल तर स्नॅपशॉट कितीही काळजीने घ्या, तो अर्धवटच.

स्नॅपशॉट चांगला, पण माउंट होत नाही

हा वेगळाच घोळ, पण तक्रार तीच, ‘करप्ट आहे’. एक्सएफएसच्या स्नॅपशॉटवरून बनवलेलं व्हॉल्यूम त्याच सर्व्हरला जोडलं की माउंट कमांड सुपरब्लॉक खराब असल्यासारखा मोघम संदेश देते. कर्नलचा लॉग उघडा, तिथे खरं कारण असतं: यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) आधीच वापरात आहे. साहजिकच आहे, प्रत मूळ व्हॉल्यूमचीच ना! ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय देऊन माउंट करा. ते कायम वापरायचं असेल तर एकदा असं माउंट करून, अनमाउंट करून, एक्सएफएस-ॲडमिनने नवा यूयूआयडी द्या. एलव्हीएम असेल तर ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’. रूट व्हॉल्यूमची प्रत त्याच सर्व्हरला जोडून रीबूट करू नका. एकाच यूयूआयडीची दोन व्हॉल्यूम दिसली की सर्व्हर भलत्यावरूनच सुरू होऊ शकतो, आणि मग दिवसभराचं काम कुठे गेलं म्हणून शोधत बसाल.

माउंट झालं पण पहिला तास सगळं कूर्मगतीने चालतंय, ही खराबी नव्हे. ईबीएसवर स्नॅपशॉटवरून बनलेल्या व्हॉल्यूमचे ब्लॉक पहिल्यांदा वाचले जातात तेव्हाच मागच्या साठ्यातून येतात. चालू कामाला लावण्याआधी ‘डीडी’ने सगळं व्हॉल्यूम एकदा वाचून काढा.

चाचणी कशी घ्यायची

वेगळा छोटा सर्व्हर घ्या आणि आठवड्यातून एकदा ताज्या स्नॅपशॉटचं व्हॉल्यूम त्याला जोडा. फाइली असतील तर स्नॅपशॉटच्या क्षणाआधीच्या दोन मिनिटांत बदललेल्या आणि शून्य बाइटच्या अशा किती आहेत ते ‘फाइंड’ने मोजा, हा आकडा मूळ सर्व्हरवरही मोजा, कारण काही फाइली जन्मतःच रिकाम्या असतात. डेटाबेस प्रत्यक्ष उठवा, लॉगमध्ये रिकव्हरी संपल्याची ओळ बघा, आणि एखाद्या गजबजलेल्या टेबलातली शेवटची नोंद किती वाजताची आहे ते वाचा. मी मूळ सर्व्हरवर त्यासाठी एक टेबल ठेवलं आहे, त्यात दर ५ सेकंदांनी फक्त वेळ लिहिली जाते. रिस्टोअरमधली शेवटची वेळ आणि स्नॅपशॉटची वेळ यांत ५ सेकंदांहून जास्त फरक दिसला की त्या रात्री कमिट झालेलं सगळं डिस्कवर पोचलं नव्हतं, किंवा मीच कुठेतरी चुकीचं व्हॉल्यूम जोडलं आहे. दुसरं कारणही दोनदा निघालं आहे.